सराईचा कायदा आणि वाटसरूचें पाणी

सन १८६७ च्या सराई कायद्याप्रमाणें प्रत्येक हॉटेलवाल्यानें दारावरून जाणाऱ्या कोणाही वाटसरूस, तो गिऱ्हाईक असो वा नसो, पिण्याचें पाणी फुकट दिलें पाहिजे आणि आपलें शौचकूप त्यास मोकळें ठेविलें पाहिजे, असें विधान गेलीं कित्येक वर्षें वर्तमानपत्रांतून व लोकांच्या तोंडून आमच्या कानांवर येत आहे. विधान करणारे गृहस्थ सुशिक्षित असतात. कायद्याचें सालही ते बिनचूक सांगतात. आणि साल बिनचूक निघालें म्हणजे पुढील मजकूरही तसाच असला पाहिजे, असा ऐकणाराचा समज होतो. जुन्या कागदांच्या व्यवहारांत मुरलेल्या वाचकांस ही गोष्ट नवी नाहीं. बनावट सनदेवरचा शिक्काही पुष्कळदां खऱ्या सनदेवरूनच उतरलेला असतो.

हा वाद केवळ पंडितांच्या करमणुकीचा असता तर त्यासाठीं या त्रैमासिकाचीं पानें आम्हीं अडविलीं नसतीं. परंतु या विधानाच्या एका बाजूस उन्हांतून आलेला तहानेला मनुष्य उभा आहे आणि दुसऱ्या बाजूस तपासनिसाच्या धाकानें हात जोडणारा व्यवसायी उभा आहे. सन १८६७ चा हा कायदा एकविसाव्या शतकांतही दिल्लीकडे व उत्तर प्रदेशांत हॉटेलांच्या नोंदणीकरितां वापरांत होता. सन २०१४ सालीं कालबाह्य कायदे रद्द करण्याची चर्चा देशांत सुरू झाली, तेव्हां या कायद्याचा बाऊ दाखवून हॉटेलवाल्यांस उगीच छळण्यांत येतें, अशी तक्रार पुढें आली होती. आमच्या परिचयाच्या एका व्यवसायी गृहस्थांनीं तर, 'मास्तर, तें कलम कोठें आहे तेवढें दाखवा, म्हणजे मी मुकाट्यानें पाळीन,' असें आम्हांस विचारलें. कायद्याच्या बाबतींत आमचा अधिकार नाहीं. ग्रंथ लावणें हा मात्र आमचा जन्माचा धंदा. आणि हा कायदा म्हणजे अवघ्या सतरा-अठरा कलमांचा लहानसा ग्रंथ आहे. तो लावून पाहण्यास वकिलाची सनद लागत नाहीं.

प्रथम संज्ञाप्रकरण पाहूं. दुसऱ्या कलमांत 'सराई' या शब्दाची व्याख्या आहे. प्रवाशांच्या आश्रयासाठीं व वस्तीसाठीं उपयोगांत असलेली इमारत ती सराई. इमारतीचा कांहीं भागच अशा उपयोगाचा असेल तर तेवढा भाग सराई. पुढें 'पुराव' नांवाच्या एका जागेसही, लागू पडतील तीं कलमें लागू केलीं आहेत. हा 'पुराव' शब्द पाहून एखादा मराठी वाचक पुराव्याच्या कायद्याकडे वळेल. पण तो हिंदुस्थानीतला 'पडाव' होय. 'ड' च्या उच्चाराची इंग्रज कारकुनाच्या लेखणीनें जी गत केली ती आपण गांवांच्या नांवांत रोज पाहतों. पडाव म्हणजे तळ देण्याची उघडी जागा. यावरून हा कायदा करणारांच्या डोळ्यांपुढें कोणतें चित्र होतें तें स्पष्ट दिसतें. उत्तर हिंदुस्थानांतील लांब सडका, चौसोपी भिंतींच्या जुन्या सराया, आंत भटियारे, बैलगाड्या व घोडीं, आणि रात्रीं भिंतीवरून उतरणारे चोर.

आतां विधिभाग. मॅजिस्ट्रेटानें सरायांचें एक रजिस्टर ठेवावें, त्यांत चालकाचें नांव, राहण्याचें ठिकाण व सराईची जागा लिहावी, आणि नोंदणीबद्दल कांहीं आकार घेऊं नये, हें चौथें कलम. नोंद झाल्यावांचून उतारू ठेवूं नयेत, हें पांचवें. चालकाच्या चालचलणुकीचा दाखला न मिळाल्यास नोंद नाकारतां येते, हें सहावें. सातवें कलम ह्या ग्रंथाचें हृदय आहे, कारण चालकाचीं कर्तव्यें तेथें सांगितलीं आहेत. तीं सात आहेत. सांसर्गिक रोगानें कोणी आजारी पडल्यास किंवा मेल्यास जवळच्या पोलीस ठाण्यास तत्काळ खबर द्यावी. मॅजिस्ट्रेटास व त्याच्या माणसास केव्हांही तपासणीसाठीं आंत येऊं द्यावें. खोल्या, पडव्या, मोऱ्या, आणि उतरलेल्या माणसांस व जनावरांस ज्यांचें पाणी मिळतें त्या विहिरी, तळीं वगैरे स्वच्छ ठेवावीं. रान माजूं देऊं नये व ज्या झाडांच्या फांद्यांवरून चोरास आंत-बाहेर करतां येईल तीं झाडें अगर फांद्या काढून टाकाव्या. दरवाजे, भिंती, कुंपणें, छपरें, मोऱ्या दुरुस्त राखाव्या. मॅजिस्ट्रेटास जरूर वाटतील तितके पहारेकरी ठेवावे. आणि सराईच्या उपयोगाबद्दल जो आकार घ्यावयाचा त्याचें दरपत्रक, मॅजिस्ट्रेट सांगेल त्या जागीं व त्या भाषांतून, लोकांस दिसेल असें लावावें. सात संपलीं.

यांत पाणी आहे तें एकदांच, आणि तें तिसऱ्या कर्तव्यांत. तेथेंही विधि 'द्यावें' असा नसून 'स्वच्छ ठेवावें' असा आहे. संप्रदानही वाटसरू नव्हे. सराईचा उपयोग करणारीं माणसें व जनावरें हेंच आहे. दारावरून जाणाऱ्या तिऱ्हाइतास पाणी पाजण्याचा शब्द या कलमांत नाहीं, पुढच्यांत नाहीं, मागच्यांतही नाहीं. शौचकूपाचा तर उल्लेखच नाहीं. मोऱ्या आहेत, त्या धुण्याविषयींच्या. 'फुकट' हा शब्द नोंदणीच्या आकारास लावतां येईल, पाण्यास नाहीं. उलट दरपत्रक लावण्याची आज्ञा देणारा कायदा सराई हा मोबदला घेऊन चालणारा धंदा आहे असेंच गृहीत धरतो.

दुसरीही एक गोष्ट नजरेआड होते. मराठी बोलण्यांत 'हॉटेल' म्हणजे जेथें चहा व भजीं मिळतात तें. तेथें कोणी रात्र काढीत नाहीं. आमच्या लहानपणीं राहण्याच्या जागेस लॉजिंग म्हणत आणि जेवणाच्या जागेस खाणावळ. दोन्ही एकत्र असलीं तर पाटीवर दोन्ही शब्द लिहीत. व्याख्येंतील आश्रय व वस्ती हीं पदें पाहतां केवळ खाण्यापिण्याचें दुकान सराई ठरत नाहीं. म्हणजे पाण्याचें कलम असतें तरी तें पुण्यामुंबईच्या उपाहारगृहास लागू करण्यापूर्वीं आणखी एक पायरी चढावी लागली असती. आणि या कायद्याची मूळ भूमि मुख्यतः उत्तरेकडील प्रांतांची, ही तिसरी पायरी वेगळीच.

सन २०१७ च्या एप्रिलापासून दक्षिण दिल्लीच्या महानगरपालिकेनें आपल्या हद्दींतील हॉटेलें व उपाहारगृहें यांचीं शौचकूपें बाहेरच्या लोकांस खुलीं करविलीं, तेव्हां उपयोगाबद्दल पांच रुपयांपर्यंत आकार घेण्याची मुभा मालकांस दिली होती. दीडशें वर्षांपूर्वींच्या कायद्यानें तीच गोष्ट फुकट देवविली असती तर हे पांच रुपये कोठून आले?

मग हें पाणी आलें कोठून? मिथ्या विधानालाही वंशावळ असते, आणि येथें ती फार जुनी व फार चांगल्या घराण्याची आहे.

अकबराच्या आज्ञेवरून अब्बासखान सरवानी यानें शेरशहाचा इतिहास लिहिला. शेरशहाची कारकीर्द सन १५४० ते १५४५ एवढीच. पण त्या अवधींत त्यानें सडकांवर दर दोन कोसांवर एक सराई बांधिली, हिंदूंस व मुसलमानांस निरनिराळ्या जागा ठेविल्या, आणि प्रत्येक सराईच्या दरवाजांत पाण्यानें भरलेलीं भांडीं ठेवविलीं, कीं कोणीही यावें आणि प्यावें, असें हा ग्रंथकार सांगतो. सरायांची एकंदर संख्या तो १७०० देतो. बखरकारांच्या संख्यांवर किती भार घालावा हें वाचकांस सांगणें नको. आम्हांस महत्त्वाचें वाटतें तें असें कीं सराई, दरवाजा, पाणी आणि 'कोणीही' हे चारही शब्द येथें एकत्र सांपडतात. लोकस्मृतींत हें चित्र राहिलें. पुढें इंग्रजी कायद्याच्या मथळ्यांत 'सराई' शब्द दिसला. आणि शेरशहाचें पाणी कलकत्त्याच्या कायद्याच्या रांजणांत ओतलें गेलें, असा आमचा तर्क आहे. मात्र शेरशहाचें पाणी सरकारी खर्चाचें होतें. सरायांच्या खर्चासाठीं त्यानें गांवें लावून दिलीं होतीं. भटियाऱ्यानें आपल्या पदरचें पाणी पाजावें असा त्याचा हुकूम नव्हता.

त्याहूनही मागें जातां येतें, आणि त्यासाठीं महाराष्ट्राबाहेर पाऊल टाकण्याचें कारण नाहीं. नाशिकच्या लेण्यांपैकीं दहाव्या क्रमांकाच्या लेण्यांत क्षहरात नहपानाचा जांवई उषवदात याचे लेख आहेत. एका लेखांत त्याच्या दानांची यादी आहे. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शूर्पारक येथें त्यानें चौसोपी वसतिगृहें व प्रतिश्रय बांधून दिले. आराम, तडाग व विहिरी केल्या. इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा व दाहनुका या नद्यांवर नावा ठेवून उताराची सोय पुण्यार्थ केली. आणि त्या नद्यांच्या दोन्ही तीरांवर सभा व प्रपा स्थापिल्या. गोवर्धन म्हणजे नाशिकच, शूर्पारक म्हणजे सोपारें. पारदा, दमणा व दाहनुका या नांवांत पार, दमणगंगा व डहाणूची खाडी आजही ऐकूं येतात. आमच्या वाटसरूच्या पाण्याचा इतका जुना आणि इतका घरचा दाखला असतां आपण तो १८६७ सालच्या इंग्रजी कायद्यांत शोधीत बसतों, याचें आम्हांस राहून राहून नवल वाटतें.

या यादींत प्रतिश्रय निराळा आणि प्रपा निराळी आहे. प्रतिश्रय म्हणजे उतरण्याची जागा, प्रपा म्हणजे पाणपोई. दोन्हींचा दाता एक, पण दानें दोन. पुढें यादवांच्या काळीं हेमाद्रीनें चतुर्वर्गचिंतामणीच्या दानखंडांत प्रतिश्रयदान व प्रपादान यांचा विचार केला आहे तोही दोन स्वतंत्र दानें म्हणूनच. दान टिकावें म्हणून त्याच्या पोटाची तजवीज कशी करीत तेंही उषवदातानेंच दाखविलें आहे. त्याच लेण्यांतील दुसऱ्या लेखांत, भिक्षूंच्या चीवरादिकांसाठीं त्यानें ३००० कार्षापण गोवर्धनाच्या कोष्ट्यांच्या श्रेणींकडे ठेविल्याचें लिहिलें आहे. २००० एका श्रेणीकडे दरमहा शेंकडा एक या व्याजानें, १००० दुसरीकडे शेंकडा पाऊण या व्याजानें. मुद्दल कायम, खर्च व्याजांतून. सूद कोणी द्यावयाचें व तें कशावर खर्चावयाचें हें दगडावर कोरून ठेवणारा हा दाता आजच्या कित्येक न्यासांच्या विश्वस्तांस शिकवण्या देऊं शकला असता.

धर्मशास्त्राकडे पाहिलें तरी हाच भेद दिसतो. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत, विहिरीवरचा दोर किंवा घट चोरणारास व प्रपा फोडणारास एक माष दंड सांगितला आहे. नवव्या अध्यायांत, चोर पकडण्यासाठीं राजानें जेथें हेर ठेवावे त्या जागा सांगतांना सभा, प्रपा, अपूपशाला, वेश्यागृहें आणि मद्य व अन्न विकण्याचीं ठिकाणें एकापुढें एक मोजलीं आहेत. अपूपशाला म्हणजे आजच्या भाषेंत मिठाईचें व फराळाचें दुकान. प्रपेस कायद्याचें संरक्षण आहे, अन्नविक्रयाच्या दुकानावर कायद्याची नजर आहे; परंतु अन्न विकणारानें प्रपाही चालवावी असा विधि तेथें नाहीं.

यावरून कोणी असें समजूं नये कीं जुन्या शास्त्रकारांनीं उतारशाळा चालविणारास मोकळें सोडलें होतें. त्याच्यावर त्यांनीं तीन गोष्टी लादल्या, आणि त्या पाण्याहून पुष्कळ जड आहेत. आपल्याकडे कोण उतरला याचा जाब, उतरलेल्याचें काय हरवलें याचा जाब, आणि काय घेतलें याचा जाब. १८६७ च्या कायद्यांत खरोखर जें आहे तें हेंच आहे. आणि फुकट पाण्याच्या गजरांत नेमकें तेंच कोणी वाचीत नाहीं.

पहिला जाब घ्या. म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथसंग्रहांत कौटिलीय अर्थशास्त्राची ताडपत्री पोथी शामशास्त्र्यांच्या हातीं सन १९०५ च्या सुमारास आली व सन १९०९ सालीं ग्रंथ छापून निघाला. तोंपर्यंत हा सर्व विषय अंधारांत होता. एक पोथी काय करूं शकते याचें याहून मोठें उदाहरण संग्राहकांस देतां येणार नाहीं. त्याच्या दुसऱ्या अधिकरणांत नागरिकाच्या कर्तव्यांचें प्रकरण आहे. धर्मावसथीनें, म्हणजे धर्मशाळेच्या चालकानें, पाखंडी व पांथस्थ यांस वर कळवून मग ठेवावें. तपस्वी व श्रोत्रिय यांस मात्र स्वतःच्या खात्रीवर ठेवण्यास हरकत नाहीं. मद्य विकणारे, शिजलेलें मांस विकणारे, भात विकणारे आणि रूपाजीवा यांनीं ओळखीच्याच माणसास ठाव द्यावा. आणि जो उधळेपणानें खर्च करतो किंवा धोक्याचें साहस करतो त्याची खबर द्यावी. घरमालकानें कोण आला व कोण गेला हें कळवावें. न कळविल्यास त्या रात्रीं जो गुन्हा घडेल त्याचा दोष त्याच्या माथीं, आणि कांहींच न घडलें तरी तीन पण दंड.

१८६७ च्या कायद्याच्या आठव्या कलमानें मॅजिस्ट्रेटास असाच अधिकार दिला आहे: सराईंत उतरलेल्यांची खबर हुकुमानें मागवावी. परदेशी मनुष्यांविषयीं सन १९३९ च्या कायद्याखालील नियमांनीं हॉटेलवाल्यानें २४ तासांच्या आंत कळवावें असें ठरविलें. तो कायदा व १९४६ चा कायदा जाऊन २०२५ सालीं परकीयांविषयीं नवा कायदा आला, त्यांतही उतरण्याची जागा चालविणारानें माहिती देण्याचें कर्तव्य कायमच आहे. राज्यें बदललीं, गोप व स्थानिक गेले, मॅजिस्ट्रेट आले; रात्रींच्या उताऱ्याची यादी मागणें कोणी सोडलें नाहीं. कौटिल्याची आमची एक तक्रार आहे ती एवढीच कीं, कांहीं न घडलेल्या रात्रीबद्दलही तीन पण घेणें हें गरीब चालकास अंमळ महाग पडलें असलें पाहिजे. १८६७ चा कायदा या बाबतींत नरम: प्रत्येक कसुरीस वीस रुपयांपर्यंत दंड, कसूर चालू राहिल्यास दररोज एक रुपया, तिसऱ्यांदा दोषी ठरल्यास मात्र सराई चालविण्याचा हक्कच जातो.

दुसरा जाब हरवलेल्या मालाचा. हॉटेलवाल्याच्या धंद्यांतील सर्वांत अवघड प्रश्न हाच, आणि यांत प्राचीनांमध्येंही एकवाक्यता नाहीं. सुराध्यक्षाच्या प्रकरणांत कौटिल्य म्हणतो कीं पानागारांत अनेक खोल्या, वेगवेगळ्या शय्या व आसनें असावीं, गंध, माल्य व पाणी असावें. आणि पिऊन झोंपलेल्या गिऱ्हाइकाचे दागिने, वस्त्रें किंवा सोनें नाहींसें झालें तर दुकानदारानें तें भरून द्यावें, शिवाय तितकाच दंड द्यावा. चूक कोणाची हें विचारण्याची सोय ठेविली नाहीं. चौथ्या अधिकरणांत सार्थवाहांविषयीं थोडा निराळा नियम आहे. व्यापाऱ्यांनीं आपल्या मालाची किंमत आधीं जाहीर करून गांवांत उतरावें. मग रात्रीं गांवाबाहेर न गेलेला माल चोरीस गेला तर तो ग्रामस्वामीनें भरून द्यावा. किंमत सांगितली असेल तरच भरपाई, हें तत्त्व येथें प्रथम दिसतें.

याच्या उलट याज्ञवल्क्य. व्यवहाराध्यायांत उपनिधीचें प्रकरण आहे. आंत काय आहे हें न सांगतां मुद्रा करून दिलेली ठेव ती उपनिधि. ती राजा, दैव किंवा तस्कर यांनीं नेली तर ठेवून घेणारा भरून देण्यास बांधलेला नाहीं. मालकानें मागितल्यावर न देतां ठेवली आणि मग गेली, तर मात्र बांधलेला. म्हणजे एकीकडे चोरीचा सर्व बोजा दुकानदारावर, दुसरीकडे चोर हा दैवाच्या पंक्तीला बसविलेला. आम्हांस यांत विरोध दिसत नाहीं. उपनिधि स्नेहानें ठेवून घेतलेली असते. पानागारवाला द्रव्य घेऊन जागा देतो. मोबदला घेणारावर भार अधिक, हें दोन्ही शास्त्रांचें हृद्गत आहे.

गंमत अशी कीं इंग्रजी अमलांत ही जुनीच चर्चा नव्या पोशाखांत पुन्हां उभी राहिली. इंग्लंडांत सन १५८४ च्या एका प्रसिद्ध निकालापासून, पांथशाळेच्या आवारांत आलेल्या मालास पांथशाळेवाला जबाबदार, असा कडक नियम चालत आला होता. सन १८६३ च्या कायद्यानें तो सैल करून, ठरावीक सूचना भिंतीवर लावली असल्यास ३० पौंडांची मर्यादा घातली. मात्र माल खास जपणुकीसाठीं ताब्यांत दिला असेल किंवा मालकाच्या अगर नोकराच्या कसुरीनें गेला असेल तर मर्यादा नाहीं. हिंदुस्थानांत सन १८७२ चा कराराचा कायदा आला. त्याच्या १५१ व्या कलमानें, सामान्य शहाणा मनुष्य आपल्या स्वतःच्या तशाच मालाची जेवढी काळजी घेईल तेवढी ठेवदारानें घ्यावी, एवढेंच मागितलें. आतां हिंदुस्थानांतील हॉटेलवाल्यास कौटिल्यासारखा इंग्रजी नियम लावावयाचा, कीं याज्ञवल्क्याच्या जवळचा कराराचा कायदा लावावयाचा, हा वाद अलाहाबादच्या हायकोर्टापुढें सन १८९९ व १९२२ सालीं आला. दुसऱ्या खटल्यांतील हकीकत साधी आहे. पाहुणा भोजनगृहांत जेवीत असतां त्याच्या खोलींतून माल गेला. खोली असुरक्षित असल्याचें मालकास ठाऊक होतें. मालकास जबाबदार धरण्यांत आलें.

अलीकडचा निकाल त्याहून बोधप्रद आहे. दिल्लींतील ताज महाल हॉटेलांत १ ऑगस्ट १९९८ च्या रात्रीं एका पाहुण्यानें आपली मोटार व किल्ली हॉटेलच्या नोकराच्या हवालीं केली. हातीं आलेल्या चिठ्ठीवर, गाडी पाहुण्याच्या स्वतःच्या जोखमीवर ठेविली आहे, असें छापलें होतें. मध्यरात्रीनंतर पाहुणा परत येतो तों गाडी नाहीं. दुसऱ्या गाडींतून आलेल्या तिऱ्हाइतानें किल्ली उचलून ती पळविली होती. प्रकरण एकवीस वर्षें चाललें. १४ नोव्हेंबर २०१९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं किल्ली हातीं घेतल्यावर गाडी जशीच्या तशी परत देणें हा हॉटेलचा भार; ती गेली तर आपली निष्काळजी नव्हती हें हॉटेलनें दाखवावें; आणि तें दाखवितां न आल्यास छापील चिठ्ठीच्या आड लपतां येणार नाहीं. न्यायालयानें अगदीं कौटिल्याइतका कडक नियम स्वीकारला नाहीं, आणि चोरास दैवाच्या पंक्तीलाही बसूं दिलें नाहीं. आमच्या मतें मिताक्षरेच्या कोणाही अभ्यासकास हा मध्यम मार्ग मान्य होईल. हॉटेलवाल्यांनीं भीति बाळगावयाची तर ती या निकालाची बाळगावी. पाण्याच्या पेल्याची नव्हे.

तिसरा जाब दराचा, आणि येथें पाणी पुन्हां भेटतें, पण उलट्या बाजूनें. दरपत्रक लावण्याचें सातवें कर्तव्य आम्हीं वर सांगितलेंच. मुंबई इलाख्यांत सन १९४७ च्या कायद्याच्या नांवांतच घरभाड्याबरोबर हॉटेल व लॉजिंगचे दर हे शब्द होते, आणि नियंत्रकास वाजवी दर ठरविण्याचा अधिकार होता; सन २००० मध्यें त्याच्या जागीं महाराष्ट्राचा नवा भाडेनियंत्रण कायदा आला. यापुढें तंटा निघाला तो बाटलीबंद पाण्याचा. बाटलीवर छापलेल्या किमतीहून अधिक पैसे हॉटेलांत घेतात, हें वजनमापांच्या कायद्याविरुद्ध आहे, असें सरकारचें म्हणणें. १२ डिसेंबर २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें हॉटेलवाल्यांच्या बाजूनें निकाल दिला: तेथें केवळ बाटली विकली जात नाहीं, बसण्याची जागा, वाढप, भांडीं, वातावरण हें सारें मिळून एक सेवा होते, म्हणून छापील किमतीची मर्यादा तेथें लागू नाहीं. ज्या वर्षीं दिल्लींत सराई कायद्याच्या नांवानें फुकट पाण्याची भाषा बोलली जात होती, त्याच वर्षीं हा निकाल झाला.

आमचें स्वतःचें मत विचाराल तर, दाराशीं आलेल्या तहानेल्यास पाणी नाकारणारा दुकानदार आम्हांस दरिद्री वाटतो, मग त्याच्या छताला कितीही झुंबरें असोत. पण त्यास लाज वाटावी ती प्रपेची. नसलेल्या कलमाचा धाक दाखवून घेतलेलें पाणी खंडणींत जमा होतें. आणि तपासनिसानें हॉटेलांत जाऊन विचारावयाचेंच असेल तर सातव्या कलमांतील तिसरें कर्तव्य वाचून विचारावें: टांकी केव्हां धुतली? त्या प्रश्नास कायद्याचा खरा आधार आहे, आणि त्याचें उत्तर देतांना पुष्कळ मालकांस कठीण जाईल.

संग्राहक वाचकांस एक विनंति आहे. प्रतिश्रय आणि प्रपा यांचा खर्च वेगवेगळा बांधून देण्याची जी रीत उषवदाताच्या लेखांत दिसते, ती मराठी राज्यांत कशी चालली हें पाहण्यासारखें आहे. धर्मशाळेच्या किंवा पाणपोईच्या नेमणुकीचे कागद ज्यांच्या दफ्तरांत असतील त्यांनीं तीन गोष्टी टिपून कळवाव्या: पाणी घालणाऱ्याचा मुशाहिरा कोणत्या बाबेंतून पडे, तो धर्मशाळेच्या चालकाकडून कीं गांवाच्या उत्पन्नांतून येई, आणि नेमणूक उन्हाळ्यापुरती होती कीं बारमाही. कागद त्रुटित असला तरी चालेल; रकमेचा आंकडा व महिन्याचें नांव शाबूत असलें म्हणजे पुरे.